स्कीममधील रेकॉर्डचे ॲक्सेसर वेगवान कसे करावेत

स्कीम या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला प्रोग्राम संथ का चालतो हे शोधताना रेकॉर्डच्या (नावाच्या फील्डमध्ये माहिती एकत्र ठेवणाऱ्या वस्तूच्या) ॲक्सेसरकडे, म्हणजे त्यातील एखादे फील्ड वाचून देणाऱ्या प्रोसीजरकडे, सहसा सर्वांत शेवटी लक्ष जाते, कारण रेकॉर्डमधील एक फील्ड वाचणे म्हणजे मेमरीतील एक जागा वाचणे, याहून त्यात काही अधिक असेल असे आपल्याला वाटत नाही. प्रत्यक्षात त्या एका वाचनाभोवती बरेच काम दडलेले असते. प्रोसीजरला हाक मारली जाते, हाती आलेली वस्तू रेकॉर्ड आहे का हे पाहिले जाते, ते रेकॉर्ड अपेक्षित प्रकाराचे किंवा त्याच्या एखाद्या उपप्रकाराचे आहे का हे तपासले जाते, फील्डचे स्थान ठरवले जाते आणि मग कुठे वाचन होते. यातील बहुतेक कामाचे उत्तर प्रोग्राम चालू होण्याआधीच ठरलेले असते. ज्या क्षणी ते उत्तर पहिल्यांदा कळू शकते त्याच क्षणी ते काढून ठेवणे, हे ॲक्सेसर सुधारण्याचे जवळजवळ संपूर्ण तंत्र आहे, आणि पुढील विवेचन त्याच्याच अनुषंगाने केले आहे.

उदाहरण आमच्या गावचे घेतो. बडोद्याला ग्रंथसूचीची परंपरा जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेहून बोलावलेल्या विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांनी १९१० मध्ये इथल्या ग्रंथालयांच्या मांडणीचे काम हाती घेतले आणि संस्थानासाठी वर्गीकरणाची पद्धतही तयार केली. इथल्या एखाद्या मराठी वाचनालयाची सूची स्कीममध्ये ठेवायची असेल तर छापील पुस्तके, नियतकालिके आणि हस्तलिखिते या तिन्हींच्या नोंदी लागतात. दाखल क्रमांक आणि शीर्षक सर्वांना समान असते. प्रकाशक आणि वर्ष फक्त छापील साहित्याला असते. हस्तलिखिताला मात्र लिपी आणि पत्रसंख्या लागते, हे प्राच्यविद्या मंदिरातील पोथ्या पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. म्हणून ‘नोंद’ हा मूळ प्रकार, त्याखाली ‘मुद्रित’ आणि ‘हस्तलिखित’, आणि ‘मुद्रित’खाली ‘ग्रंथ’ व ‘नियतकालिक’, अशी रचना होते.

(डिफाइन-रेकॉर्ड-टाइप नोंद
  (फील्ड्स दाखल-क्रमांक शीर्षक))
(डिफाइन-रेकॉर्ड-टाइप मुद्रित
  (पेरेंट नोंद)
  (फील्ड्स प्रकाशक वर्ष))
(डिफाइन-रेकॉर्ड-टाइप ग्रंथ
  (पेरेंट मुद्रित)
  (फील्ड्स लेखक पृष्ठे))

या नमुन्यांत स्कीमचे कीवर्ड आणि अंकही देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ते नेहमीच्या रोमन रूपातच टाईप करावे लागतील. प्रकारांची, फील्डची आणि प्रोसीजरची आपली नावे मात्र देवनागरीत ठेवायला हरकत नाही. स्कीम भाषेच्या २००७ च्या आर६आरएस मानकाने नावांमध्ये युनिकोड अक्षरे मान्य केली आहेत आणि काना, मात्रा, वेलांटीही त्यात बसतात.

मानकांचा फरक आधी लक्षात घ्यावा, कारण कोणती सुधारणा लागू पडेल हे त्यावर अवलंबून आहे. रिचर्ड केल्सी यांनी मांडलेल्या १९९९ च्या एसआरएफआय ९ या स्कीमच्या विस्तार-प्रस्तावात आणि तीच रचना स्वीकारणाऱ्या २०१३ च्या लहान आर७आरएस मानकात रेकॉर्डना वारसा (एका प्रकाराखाली उपप्रकार करण्याची सोय) नाही, त्यामुळे तिथे प्रकाराची तपासणी एका तुलनेत संपते. आर६आरएस मध्ये वारसा आहे, सीलबंद (उपप्रकार करता न येणारे) प्रकार आहेत, आणि प्रोसीजरच्या साहाय्याने चालू प्रोग्राममध्ये नवा प्रकार घडवण्याची सोयही आहे. वर दिलेली रचना आर६आरएसची आहे.

आता आपण स्वतःची रेकॉर्ड लायब्ररी लिहीत आहोत असे समजू. पहिल्या प्रयत्नात ॲक्सेसर घडवणारी प्रोसीजर बहुधा अशी लिहिली जाते (‘लॅम्डा’ म्हणजे तिथेच बनवलेली बिननावाची प्रोसीजर):

(डिफाइन (रेकॉर्ड-ॲक्सेसर प्रकार नाव)
  (लॅम्डा (र)
    (प्रकार-तपासा र प्रकार)
    (जागा-वाचा र (फील्ड-स्थान प्रकार नाव))))

उत्तर बरोबर येते, पण प्रत्येक वाचनाच्या वेळी फील्डच्या नावांची यादी पुन्हा धुंडाळली जाते. सूचीतील प्रत्येक कार्ड हातात घेतल्यावर ‘लेखकाचे नाव कितव्या ओळीत छापले आहे’ हे नियमावलीत नव्याने पाहणाऱ्या कारकुनासारखे हे काम आहे. स्थान हे प्रकारावरून ठरते, वस्तूवरून नाही. म्हणून ते लॅम्डाच्या बाहेर काढावे:

(डिफाइन (रेकॉर्ड-ॲक्सेसर प्रकार नाव)
  (लेट ((स्थान (फील्ड-स्थान प्रकार नाव)))
    (लॅम्डा (र)
      (प्रकार-तपासा र प्रकार)
      (जागा-वाचा र स्थान))))

या एका बदलाने वेगाखेरीज आणखी एक लाभ होतो आणि माझ्या मते तो अधिक मोलाचा आहे. फील्डचे नाव चुकले असेल तर त्याची चूक आता ॲक्सेसर घडवतानाच, म्हणजे लायब्ररी लोड होतानाच कळते. एरवी ती एखादी क्वचित चालणारी वाट पहिल्यांदा चालेपर्यंत झाकलेली राहिली असती. आर६आरएस मधील ॲक्सेसर घडवणारी प्रोसीजर नावाऐवजी क्रमांक घेते, परंतु तो क्रमांक त्या प्रकाराच्या स्वतःच्या फील्डपुरता असतो, पूर्वजांची फील्ड त्यात मोजलेली नसतात. ‘मुद्रित’मधील ‘वर्ष’ याचा क्रमांक १ आहे, पण ‘नोंद’ची दोन फील्ड आधी येत असल्यामुळे प्रत्यक्ष जागा ३ आहे. ही बेरीजही लॅम्डाच्या बाहेर, एकदाच व्हायला हवी.

अजूनही स्थान हे क्लोजरने, म्हणजे भोवतालची चले सोबत बाळगणाऱ्या प्रोसीजरने, धरून ठेवलेले चल आहे. हाक आली की ते आधी क्लोजरमधून वाचावे लागते आणि मग त्याच्या आधारे फील्ड वाचावे लागते; कंपायलरला स्थिर अंक दिसत नसल्यामुळे तो एकाच सूचनेत वाचन बसवू शकत नाही. लहान स्थानांसाठी वेगवेगळे लॅम्डा आधीच लिहून ठेवले तर ही अडचण दूर होते:

(केस स्थान
  ((०) (लॅम्डा (र) (प्रकार-तपासा र प्रकार) (जागा-वाचा र ०)))
  ((१) (लॅम्डा (र) (प्रकार-तपासा र प्रकार) (जागा-वाचा र १)))
  (एल्स (लॅम्डा (र) (प्रकार-तपासा र प्रकार) (जागा-वाचा र स्थान))))

प्रत्यक्षात या ओळी हाताने न लिहिता मॅक्रोकडून, म्हणजे कंपाइल होण्याआधी कोड लिहून देणाऱ्या नियमाकडून, आठ-दहा स्थानांपर्यंत लिहवून घ्याव्यात आणि त्यापुढील स्थानांसाठी सर्वसाधारण शाखा ठेवावी. मात्र हा उपाय प्रकार चालू प्रोग्राममध्ये घडवला जात असेल तेव्हाचाच आहे. प्रकार स्रोतात लिहिलेला असेल तर मॅक्रोला फील्डची यादी समोर दिसत असते आणि स्थान थेट अंक म्हणून लिहिता येते. पूर्वज-प्रकाराची फील्ड किती हेही मॅक्रोला कळावे म्हणून प्रकाराच्या नावाशी ही माहिती विस्ताराच्या टप्प्यावरच, म्हणजे मॅक्रो उलगडले जातात तेव्हाच, बांधून ठेवावी लागते. याच कारणासाठी आर६आरएस मध्ये पूर्वज नावाने सांगण्याचे कलम वापरावे. पूर्वजाचा वर्णनकर्ता (प्रकाराची माहिती धरणारी वस्तू) एखाद्या अभिव्यक्तीतून पुरवण्याचे दुसरे कलम फक्त नाइलाजाने वापरावे, कारण त्या अभिव्यक्तीचे मूल्य प्रोग्राम चालू झाल्यावरच कळते आणि तोपर्यंत कंपायलरला काहीच ठरवता येत नाही. अर्थात प्रोसीजरने घडवलेला प्रत्येक प्रकार संथच असतो असेही नाही. अँडी कीप आणि केंट डिब्विग यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की वर्णनकर्ता कंपायलरला आधी कळत असेल तर प्रोसीजरच्या वाटेने घडवलेले ॲक्सेसरही वाक्यरचनेच्या वाटेइतकेच कार्यक्षम होऊ शकतात, आणि चेझ स्कीम या अंमलबजावणीच्या कंपायलरमध्ये हे काम केलेले आहे.

खरा खर्च बहुतेक वेळा प्रकाराच्या तपासणीत असतो, म्हणून तिथे थोडे थांबू. वारसा असलेल्या व्यवस्थेत ‘मुद्रित-वर्ष’ हा ॲक्सेसर ग्रंथही स्वीकारतो आणि नियतकालिकही. भोळी तपासणी वस्तूच्या प्रकारापासून सुरू होते, पूर्वजाकडे जाते, मग त्याच्या पूर्वजाकडे, आणि अपेक्षित प्रकार सापडेपर्यंत किंवा साखळी संपेपर्यंत चालते. साखळी जितकी लांब तितका वेळ जातो, आणि हस्तलिखित चुकून समोर आले तर ती पूर्ण चढावी लागते. नॉर्मन कोहेन यांनी १९९१ मध्ये याला स्थिर वेळात संपणारा पर्याय दिला आणि तो आजही उत्तम आहे. प्रत्येक वर्णनकर्त्यात त्याच्या सर्व पूर्वजांचा एक वेक्टर (क्रमांकाने वाचता येणारी यादी) ठेवायचा, मूळ प्रकार ० या जागी, त्याचा उपप्रकार १ या जागी, आणि शेवटी स्वतः. एखादा प्रकार वारशात किती खोलीवर आहे हे त्याच्या जन्मापासून ठरलेले असते आणि कधीही बदलत नाही. मग प्रश्न एवढाच उरतो की वस्तूच्या पूर्वज-वेक्टरमध्ये त्या खोलीच्या जागी अपेक्षित प्रकार आहे की नाही.

(डिफाइन (प्रकारात-बसतो? त प्रकार)
  (लेट ((पूर्वज (पूर्वज-वेक्टर त))
        (ख (खोली प्रकार)))
    (अँड (< ख (वेक्टर-लेंग्थ पूर्वज))
         (ईक्यू? (वेक्टर-रेफ पूर्वज ख) प्रकार))))

लांबीची तुलनाही टाळायची असेल तर सर्व पूर्वज-वेक्टर किमान चार किंवा सहा जागांचे करून रिकाम्या जागी असत्य भरावे. इतक्या खोलीपर्यंतच्या प्रकारांना मग लांबी पाहण्याची गरज उरत नाही. त्याहून खोल वारसा सहसा लागत नाही, आणि लागलाच तर आधी रचनेचाच फेरविचार करावा असे मला वाटते.

पुष्कळ लायब्ऱ्या या तपासणीच्या आधी वस्तूचा प्रकार आणि अपेक्षित प्रकार यांची थेट तुलना करतात. वारशाच्या टोकाच्या प्रकारांसाठी, म्हणजे आपल्या ‘ग्रंथ’ किंवा ‘हस्तलिखित’ यांसाठी, ते योग्यच आहे, कारण तिथे ही पहिली तुलना जवळजवळ नेहमी यशस्वी होते. पण ‘नोंद’ या प्रकाराची स्वतंत्र वस्तू आपण कधी बनवतच नाही. ‘नोंद-शीर्षक’ या ॲक्सेसरमध्ये पहिली तुलना प्रत्येक वेळी अपयशी ठरणार हे ठाऊक असताना ती ठेवणे म्हणजे प्रत्येक वाचनावर एक निरुपयोगी शाखा लादणे होय. म्हणून मॅक्रोला किंवा लायब्ररीला दोन्ही रूपे निर्माण करता यावीत, आणि कोणते वापरायचे हे प्रकार लिहिणाऱ्याने सांगावे.

ज्यांना पुढे उपप्रकार होणार नाहीत ते प्रकार सीलबंद करावेत. आर६आरएस मध्ये त्यासाठी वेगळे कलम आहे. सीलबंद प्रकाराला उपप्रकार बनवायचा प्रयत्न झाला तर अपवाद उठतो, आणि त्या खात्रीमुळे तपासणी एका तुलनेवर येते, पूर्वज-वेक्टर उघडावाच लागत नाही. मोबदल्यात एक स्वातंत्र्य जाते: उद्या कोणाला ‘ग्रंथ’खाली ‘दुर्मीळ-ग्रंथ’ करायचा असेल तर सील काढावे लागेल. इतरांसाठी प्रसिद्ध केलेल्या लायब्ररीत सील लावण्यापूर्वी म्हणूनच विचार करावा. स्वतःच्या प्रोग्राममध्ये मात्र ते मोकळेपणाने लावावे, कारण काढणे सोपे असते.

प्रकाराची ओळख कधी निश्चित होते, हा याला लागूनच येणारा प्रश्न आहे. प्रकाराची व्याख्या एखाद्या प्रोसीजरच्या आत लिहिली तर ती प्रोसीजर जितक्या वेळा चालेल तितके नवे प्रकार जन्माला येतात, त्यांच्या वस्तू एकमेकींच्या ॲक्सेसरना चालत नाहीत, आणि कंपायलरला कोणताही वर्णनकर्ता स्थिर धरता येत नाही. व्याख्या लायब्ररीच्या सर्वांत वरच्या पातळीवर ठेवावी. आर६आरएस मध्ये प्रकाराला कायमचे ओळखचिन्ह देऊन तो पुनर्जन्म न घेणारा करता येतो. त्यामुळे फाइल पुन्हा लोड झाली तरी प्रकार तोच राहतो, वर्णनकर्ता विस्ताराच्या वेळीच उपलब्ध होऊ शकतो, आणि तेच चिन्ह वेगळ्या फील्डसह पुन्हा आले तर त्रुटी मिळते. संवाद-खिडकीत (जिथे ओळ लिहिताच उत्तर मिळते) काम करताना जुन्या नोंदी अचानक नव्या ॲक्सेसरला परक्या वाटू लागतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

यानंतर उरते ती प्रोसीजरची हाक. ॲक्सेसर लहान असल्यामुळे तो हाकेच्या जागीच उलगडून टाकणे फायद्याचे ठरते, आणि त्यानंतर कंपायलरला आजूबाजूचा संदर्भ दिसू लागतो. ॲक्सेसर दुसऱ्या लायब्ररीतून येत असेल तर प्रत्येक अंमलबजावणी हे आपोआप करीलच असे नाही. गायल या अंमलबजावणीत उलगडता येण्याजोगी प्रोसीजर लिहिण्यासाठी वेगळी व्याख्या आहे, तर गँबिट या दुसऱ्या अंमलबजावणीत संपूर्ण फाइल एक बंद गट मानावी असे घोषित करता येते. सर्वत्र चालणारा मार्ग मॅक्रोचा आहे, पण त्यात दोन पथ्ये पाळावीच लागतात.

(डिफाइन-सिंटॅक्स ग्रंथ-लेखक
  (लॅम्डा (रूप)
    (सिंटॅक्स-केस रूप ()
      ((_ अ)
       (सिंटॅक्स
         (लेट ((र अ))
           (ग्रंथ-तपासा र)
           (जागा-वाचा र ४))))
      (न (आयडेंटिफायर? (सिंटॅक्स न))
         (सिंटॅक्स ग्रंथ-लेखक-प्रोसीजर)))))

पहिले पथ्य आतल्या ‘लेट’चे. आर्ग्युमेंट आधी एका चलात बांधले नाही तर ते तपासणीत एकदा आणि वाचनात पुन्हा, असे दोनदा चालवले जाईल; फाइलमधून पुढचा ग्रंथ वाचून आणणारी अभिव्यक्ती तिथे असेल तर तपासणी एका ग्रंथाची होईल आणि लेखक दुसऱ्याचा मिळेल. दुसरे पथ्य शेवटच्या कलमाचे. ॲक्सेसर हे मूल्य म्हणूनही वापरले जाते, उदाहरणार्थ ग्रंथांच्या यादीवर ‘मॅप’ चालवून सर्व लेखक मिळवताना. नाव एकटे आले की त्याजागी खरी प्रोसीजर बसली पाहिजे. सिंटॅक्स-रूल्स या साध्या मॅक्रो-साधनाने एकट्या नावाचा विस्तार करता येत नाही, म्हणून इथे सिंटॅक्स-केस लागते.

उलगडण्याची किंमतही आहे. फील्डचे स्थान आता वापरणाऱ्या प्रत्येक फाइलच्या कंपाइल केलेल्या रूपात कोरले जाते. ‘मुद्रित’मध्ये ‘आवृत्ती’ हे फील्ड वाढवले आणि वापरणाऱ्या फाइली पुन्हा कंपाइल केल्या नाहीत, तर ‘ग्रंथ-लेखक’ शांतपणे भलतेच फील्ड वाचील, आणि प्रकाराची तपासणीही त्याला अडवणार नाही. यावर उपाय म्हणून फील्डच्या यादीवरून काढलेली एक खूण विस्तारात घालावी आणि वर्णनकर्त्यातील खुणेशी ती जुळवून पाहावी. ग्नू गिक्स या पॅकेज-व्यवस्थापकाच्या रेकॉर्ड मॅक्रोंमध्ये वस्तू बनवताना अशी तपासणी होते आणि न जुळल्यास पुन्हा कंपाइल करण्याची सूचना मिळते. खूण वस्तू बनवतानाच पाहावी, प्रत्येक वाचनाला नव्हे.

तपासणी काढून टाकण्याचा मोह इथपर्यंत आल्यावर होतोच. चेझमध्ये सर्वोच्च ऑप्टिमायझेशन पातळी, गँबिटमध्ये असुरक्षित घोषणा आणि चिकन या आणखी एका अंमलबजावणीत असुरक्षित कंपाइल करण्याचा पर्याय यासाठी उपलब्ध आहेत. मी त्यांचा संपूर्ण लायब्ररीवर वापर करण्याच्या ठाम विरोधात आहे. तपासणी नसताना हस्तलिखिताची नोंद ‘मुद्रित-वर्ष’ला दिली तर त्रुटी येत नाही, त्या जागी असलेली पत्रसंख्या प्रकाशनवर्ष म्हणून परत मिळते, सूचीत छापली जाते, आणि मूळ कारण सापडायला फार वेळ लागतो. त्याऐवजी कंपायलरला तपासणी अनावश्यक असल्याचे दिसू द्यावे. ‘ग्रंथ?’ हा प्रश्न आणि ‘ग्रंथ-लेखक’ हे वाचन एकाच प्रोसीजरमध्ये, एकाच चलावर ठेवले तर चेझमधील प्रकार-विश्लेषणाचा टप्पा दुसरी तपासणी स्वतः काढून टाकू शकतो. प्रश्न एका प्रोसीजरमध्ये आणि वाचन दुसऱ्या लायब्ररीतल्या प्रोसीजरमध्ये असेल तर ही संधी हुकते.

ज्या फील्डमध्ये नंतर लिहायचे नाही ते अपरिवर्तनीय ठेवावे. आर६आरएस मध्ये फील्डचे नुसते नाव लिहिले की ते तसेच होते. अशा फील्डचे एकदा वाचलेले मूल्य मध्ये एखादी अनोळखी प्रोसीजर चालली तरी कंपायलरला पुन्हा वापरता येते. बदलता येण्याजोग्या फील्डच्या बाबतीत त्याला ती मुभा नसते, म्हणून लूपमध्ये ते न बदलणारे असल्याची आपल्याला खात्री असेल तर लूपच्या आधी ‘लेट’ने वाचून ठेवावे. दशांश संख्या फील्डमध्ये वारंवार लिहिल्यास बहुतेक अंमलबजावण्यांत प्रत्येक वेळी नवी जागा घेतली जाते. वाचनालयाच्या दंडाची रक्कम पैशांमध्ये, पूर्णांक म्हणून ठेवली की तो प्रश्नच मिटतो.

मोजमापाशिवाय यातले काहीही करू नये. मोजणी कंपाइल केलेल्या लायब्ररीवर करावी, कारण संवाद-खिडकीत वरच्या पातळीवरील नाव केव्हाही पुन्हा बांधले जाऊ शकते आणि त्यामुळे कंपायलर हात आखडता घेतो. एकाच लूपची तीन रूपे शेजारी ठेवावीत: साध्या वेक्टरमधून वाचणारे, उलगडलेला ॲक्सेसर वापरणारे आणि ॲक्सेसरला मूल्य म्हणून घेऊन हाक मारणारे. पहिले आणि दुसरे जवळ आले असतील तर आणखी खटपट करण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. वाचलेली मूल्ये बेरजेत घेऊन ती बेरीज शेवटी छापावी, अन्यथा निरुपयोगी ठरवून कंपायलर वाचनच वगळील आणि आकडे खोटे येतील. वेळेपेक्षाही स्पष्ट पुरावा विस्तारित रूपातून मिळतो: चेझमध्ये ऑप्टिमाइझ केलेला विस्तार छापून घेता येतो, आणि गायलच्या संवाद-खिडकीत ऑप्टिमाइझ व डिसअसेंबल या आज्ञा आहेत. तपासणी एक उरली की दोन, स्थान अंक म्हणून दिसते की चल म्हणून, हे तिथे डोळ्यांनी पाहता येते.

प्रत्येक बदलानंतर चाचण्या पुन्हा चालवाव्यात आणि त्यांत पुढील प्रकरणे अवश्य असावीत. ‘ग्रंथ-लेखक’ला हस्तलिखित, पूर्णांक आणि रिकामी यादी दिली असता त्रुटी आली पाहिजे आणि त्रुटीच्या संदेशात ॲक्सेसरचे नाव दिसले पाहिजे, कारण उलगडल्यानंतर ते नाव सहज हरवते. ‘नोंद-शीर्षक’ने तिन्ही उपप्रकार स्वीकारले पाहिजेत. बाजूला परिणाम करणारे आर्ग्युमेंट एकदाच चालवले गेले पाहिजे, ‘मॅप’ला दिलेला ॲक्सेसर चालला पाहिजे, आणि सीलबंद ‘ग्रंथ’खाली उपप्रकार करण्याचा प्रयत्न नाकारला गेला पाहिजे. फील्ड वाढवून फक्त मूळ फाइल कंपाइल केल्यावर जुळणीची खूण त्रुटी देते का, हे स्वतंत्र चाचणीत तपासावे. त्यासाठी कंपाइल केलेल्या जुन्या फाइलची प्रत बाजूला जपून ठेवावी लागते.